मिटलेल्या ट्रायलोबाइटचे डोळे

मी ट्रायलोबाइट. तुमच्या लेखी दगड. पण एकेकाळी समुद्राच्या तळाशी चालत होतो. पाठीवर डोक्यापासून शेपटापर्यंत दोन खाचा आहेत. त्यांनी अंगाचे उभे तीन भाग केलेत, म्हणून हे नाव. अंगाला कड्या, कड्यांखाली पाय. आणि डोळे! चुन्याच्या बारीक खड्यांचे, शेकडो भिंगांचे.

धोका आला की शेपूट डोक्याखाली घेऊन मी गोळा व्हायचो. एकदा चिखलाची लाट आली. मी मिटलो तो मिटलेलाच राहिलो. पाय कुजले. डोळे टिकले.

हिमालयातून मला औरंगाबादच्या एका कॉलेजात आणलं. प्रात्यक्षिक परीक्षेला इतरांपुढं सपाट, सुबक ट्रायलोबाइट ठेवायचे. ज्याला नापास करायचं, त्याच्यापुढं मी. वरून नुसता गोटा.

एका वर्षी माझ्यापुढं सांडू नावाचा विद्यार्थी उभा राहिला. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात पकडलेला, नुकताच सुटून आलेला. पास झाला की चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, नोकरी ठरलेली होती.

भूशास्त्राचे प्राध्यापक तात्यासाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "बोला पुढारी. काय आहे हे?"

"हातात घेऊन बघू का, सर?"

"लांबूनच सांग. मोर्चात लांबून ओरडता येतं ना?"

शेजारचे परीक्षक हसले. सांडू वाकला, पण लांबून काही दिसेना. मग त्यानं मला सरळ उचललं आणि पालथं केलं. त्याचा अंगठा माझ्या डोळ्यावर थांबला.

"ट्रायलोबाइट हाय, सर. गोळा झालेला. हे डोळे. शेपूट इथं, डोक्याखाली दडवलंय. लई भ्यालाय."

"हात लावू नको म्हटलं होतं ना? नापास! ये आता पुढच्या वर्षी, नाव बदललं की."

तो गेल्यावर त्यांनी शिपाई मुंजाबाला हाक मारली. "हा दगड धुऊन ठेव."

"पाण्यानं ना, साहेब?"

"पाण्यानं काय निघतंय? ॲसिड घे."

चुना ॲसिडमध्ये विरघळतो, हे दरवर्षी वर्गाला तात्यासाहेबच शिकवायचे. मुंजाबानं मला बशीत ठेवून वरून ओतलं. मी फसफसलो. आधी डोळे गेले.

सांडू त्याच कारखान्याच्या गेटवर गोण्या उचलतो, असं मुंजाबा एकदा म्हणाला. पुढं विद्यापीठाचं नाव बदललं. त्यानिमित्त कॉलेजात झालेल्या समारंभात तात्यासाहेब समतेवर बोलले. टाळ्या पार माझ्या कपाटापर्यंत आल्या.

मला अजून परीक्षेला ठेवतात. आता कुणी धीर करून पालथं केलं तरी काही सापडत नाही. पोरं नापास होतात.

वाचणाऱ्यांनो, मला खुशाल फोडून टाका. पण आधी सांडूचे मार्क द्या. त्याचं उत्तर बरोबर होतं.