डिकीतला पाचवा टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे, पण मला पाहून तुम्ही तसं म्हणणार नाही. माझ्या अंगावरच्या खाचा अजून जशाच्या तशा खोल आहेत. कारखान्यातून निघताना आम्हा टायरांच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात, तेसुद्धा माझ्या अंगावर काही ठिकाणी शाबूत आहेत. कारण साधं आहे. मी कधी रस्त्यावर उतरलोच नाही. मी एका छोट्या गाडीची स्टेपनी होतो. माझे चार भाऊ खाली धावायचे आणि मी डिकीत, चटईखाली आडवा पडून त्यांचा आवाज ऐकायचो.

माझा जन्म मोठ्या धडधडाटात झाला. रबर, काजळी, धाग्यांचे पट्टे आणि पोलादी तारा हे सगळं एकावर एक चढवून आम्हाला तापलेल्या साच्यात दाबलं. बाहेर पडलो तेव्हा आम्ही सगळे सारखेच होतो, कुणाला कुणाहून वेगळं ओळखता येऊ नये इतके. पुढे गाडीच्या कारखान्यात एका कामगाराने आम्हा पाच जणांना जवळ ओढलं. जे चार आधी हाताला लागले ते चाकांवर गेले, उरला तो डिकीत. त्यात माझा काही गुण नव्हता, दोषही नव्हता.

गाडी ज्या घरी गेली त्या घरातल्या माणसांचं कौतुक करावं तेवढं थोडं. गाडी चालवायची ती घरची सून. आजारातून उठलेल्या लोकांना पुन्हा चालायला शिकवणं हे तिचं काम. कुणाचा पाय मोडलेला, कुणाची एक बाजू लुळी पडलेली. ती घरोघर जायची आणि महिनोन्महिने चिकाटीने त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायची. तिचा कुबड्यांचा जोड, वाळूच्या छोट्या पिशव्या आणि व्यायामाचे रबरी पट्टे माझ्याच डोक्यावर ठेवलेले असत. कुणी पहिल्यांदा आपल्या पायाने दारापर्यंत आलं की त्या दिवशी डिकीचं झाकण ती हलक्या हाताने लावायची. मला ते लगेच कळायचं.

दुसरे तिचे सासरे. त्यांना मी आजोबाच म्हणतो. त्यांनी आयुष्यभर एका मोठ्या गिरणीचं गोदाम सांभाळलं होतं. गोदामातली वस्तू कोरी राहिली पाहिजे, तिला गंज लागता कामा नये, कसर लागता कामा नये, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. निवृत्त झाल्यावर सांभाळायला गोदाम उरलं नाही, तेव्हा त्यांनी मला सांभाळायला घेतलं. सुट्टीच्या सकाळी ते मला डिकीतून बाहेर काढत, ओल्या फडक्याने पुसत आणि मग वाटीत तेल घेऊन माझ्या अंगाला चोळत. तान्ह्या बाळाला आई लावते ना, तसं. मग मला फाटकाशी उभं करून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. "बघा, कसा तुकतुकीत आहे. अजून जमिनीला टेकलेला नाही."

मी सुखावून जात असे. खरं सांगतो, एवढे लाड माझ्या भावांच्या वाट्याला कधी आले नाहीत. ते बिचारे खड्डे, खडी आणि उन्हाने तापलेलं डांबर यांच्याशी झुंजत होते आणि मी तेल लावून घेत होतो.

पण लाडांचीही एक गंमत असते. एकदा सुनेच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. भर दुपार, डोक्यावर ऊन, एक पेशंट तिची वाट बघत बसलेला. तिने मला बाहेर काढलं आणि सवयीने घरी फोन करून सांगितलं, की स्टेपनी लावून येते. पलीकडून आजोबा म्हणाले, "अगं, तिला कशाला मातीत घालतेस? थांब तिथेच. मी हवाकाकाला पाठवतो." हवाकाका म्हणजे आमचा टायरवाला. तो स्कूटरवर पंप बांधून आला आणि भावाचं पंक्चर काढून गेला. तोवर ती उन्हात उभी होती. दुसरी कुणी असती तर आदळआपट केली असती. हिने पेशंटला फोन करून तोवर दोन व्यायाम सांगितले आणि मला पुन्हा आत ठेवलं. असं एकदा नाही, अनेकदा झालं. घरात पाहुण्यांसाठी म्हणून चांगल्या कपबश्या कपाटात ठेवतात आणि पाहुणे आले की म्हणतात, रोजच्याच काढा, फुटतील. माझी गत अगदी तशीच होती.

वर्षं गेली. घरातली नात, जिला सगळे चिमणी म्हणायचे, ती कडेवरून खाली उतरली, शाळेत जाऊ लागली. आणि माझे भाऊ झिजत गेले.

मग एका सकाळी ती घटना घडली. सून गाडी चालवत होती, आजोबा शेजारी बसले होते, चिमणी मागे. पाण्याच्या टँकरने वळणावर रस्ता ओला करून ठेवला होता. सुनेने वळण घेतलं आणि गाडी वळलीच नाही. सरळ घसरत गेली. डिकीत मी या कडेवरून त्या कडेवर आपटलो. गाडी थांबली तेव्हा समोरच्या बेकरीची भिंत आणि आमचं नाक यांच्यात जेमतेम हात जाईल एवढी जागा होती. कुणाला खरचटलंही नाही. पण चिमणी काही केल्या आईचा हात सोडेना.

सून उतरली, वाकली, आणि एकेका भावावरून तिने हात फिरवला. टायरांच्या खाचांमध्ये तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांना टेकला की त्याचे दिवस भरले असं समजायचं. माझे भाऊ केव्हाच टेकले होते. नवे टायर घ्यायचे हे तिथेच ठरलं. कोणते घ्यायचे, हा मात्र घरभर पुरेल एवढा प्रश्न झाला.

संध्याकाळी फाटकाशी सभा भरली. डिकी उघडी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. सुनेचा धाकटा दीर आला होता. त्याला गाडीतलं फार कळतं असं त्याचं स्वतःचं मत होतं. तो म्हणाला, "वहिनी, रुंद टायर टाका. गाडी कशी रुबाबदार दिसेल बघा."

"भाऊजी, ही गाडी आहे, पैलवान नाही," सून म्हणाली. तिने चालकाचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. गाडीला कोणत्या मापाचा टायर लागतो आणि त्यात हवा किती भरायची, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. इतकी वर्षं ती पट्टी तिथेच होती, पण घरात कुणी वाचली नव्हती. "हे माप आहे. याहून मोठं घातलं तर नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

मग दीर म्हणाला की निदान कडक रबराचे घ्या, वर्षानुवर्षं झिजणार नाहीत. ती म्हणाली, "मी कुठे फिरते ते आधी बघू. गल्ल्या, चढ, ओली वळणं. हायवेला मी वर्षातून कितीदा जाते? मला उशिरा झिजणारा नको, ओल्यात धरणारा हवा. लवकर झिजला तर झिजू दे."

मला तिचा अभिमान वाटला, मित्रांनो. जाहिरात काय सांगते हे तिने विचारलं नाही, शेजाऱ्याने कोणता घेतला हेही विचारलं नाही. आपला रस्ता कसा आहे, तेवढं पाहिलं.

इतक्यात आजोबा पुढे आले. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "चार कशाला? तीनच घ्या. हा कोरा करकरीत टायर आहे ना घरात. इतकी वर्षं जपलाय तो कशासाठी?"

माझ्या अंगातली सगळी हवा त्या क्षणी जणू उसळली. रस्ता! ऊन, डांबर, वळणं, सगळं काही, ज्याचा मी नुसता आवाज ऐकला होता. मला दुसरं काहीच सुचेना. सुनेने आजोबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या बाजूवर नुसता अंगठा टेकवला. आजारी माणसाचा दंड दाबून पाहतात तसा. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली. "उद्या दुकानात बघू, बाबा," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चिमणीसकट हवाकाकाच्या दुकानात गेलो. सुनेने सांगितल्या मापाचे, ओल्या रस्त्यावर पकड धरणारे टायर त्याने काढून ठेवले होते. आजोबांनी मला स्वतः उचलून त्यांच्या रांगेत उभं केलं. तेल लावलेला मी त्या नव्यांपेक्षाही जास्त चमकत होतो. हवाकाका एकदा आजोबांकडे बघे, एकदा सुनेकडे. जुन्या गिऱ्हाइकाला दुखवायची त्याची तयारी नव्हती. "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला आणि जॅक शोधायच्या निमित्ताने आत सटकला.

आता सगळं सुनेवर होतं. ती 'नको' म्हणाली असती तर सासऱ्यांनी ऐकलं असतं, पण मनातून ते मोडले असते. आणि 'बरं' म्हणाली असती, तर चिमणी ज्या बाजूला बसते तिथल्या मागच्या चाकावर मी चढलो असतो.

ती आजोबांजवळ उकिडवी बसली. त्यांचा हात तिने हातात घेतला, अंगठा नव्या टायरच्या बाजूवर ठेवला. "बाबा, दाबून बघा." आजोबांनी दाबलं. मग तोच अंगठा तिने माझ्यावर ठेवला. "आता इथे."

आजोबांनी दाबलं. पुन्हा दाबलं. मग खिशातून चष्मा काढला. सून म्हणाली, "बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. जरा वाचता?"

आजोबांनी वाचलं आणि ते थबकले. "अरे, हे तर आपल्या चिमणीच्या जन्माचं साल."

चिमणीला ते वय कोवळं, आणि आम्हा टायरांना तेच म्हातारपण. मी उभा राहतो की आडवा, धावतो की झोपतो, याच्याशी आमच्या वयाचं काही देणंघेणं नसतं. रबर आपलं आतल्या आत कडक होतच राहतं. आजोबांनी माझ्या खाचा दोन्ही हातांनी फाकवल्या. तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या, एक नाही, अनेक. बाजूवर जिथे तेल जास्त मुरलं होतं तिथे रबर फुगून आलं होतं. मला स्वतःला हे कधीच दिसलं नव्हतं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं म्हणतात, इथे तर मीच फसलो होतो.

"तेलाने झालं का गं हे?" आजोबांनी विचारलं.

सुनेने खोटं सांगितलं नाही. "थोडं वयाने, थोडं तेलाने. तेलाने रबर बिघडतं, बाबा. मलाही कुठे माहीत होतं? काल तुम्ही झोपल्यावर शोधून वाचलं."

"मग घरीच का नाही सांगितलंस?"

"घरी सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता. पण मनात म्हणाला असता, सून उधळी आहे."

आजोबा हसले. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. माझ्यावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही. "गोदामात मला शाबासकी मिळायची," ते म्हणाले, "माल कोरा ठेवला म्हणून. पण तो माल शेवटी कुणीतरी घेऊन जायचा, वापरायचा. हा तर मी कुणाला नेऊच दिला नाही." मग ते उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हवाकाका, बाहेर ये. चारही नवे घाल, पाचवाही नवा दे. आणि लक्षात ठेव, पाचही जण आळीपाळीने रस्त्यावर जातील. डिकीत कुणी मुक्काम ठोकायचा नाही."

त्या म्हाताऱ्या माणसाला मी मनोमन नमस्कार केला. आपली इतक्या वर्षांची माया चुकली, हे चारचौघांत कबूल करायला छाती लागते. आणि ती कबुली त्यांच्या तोंडून त्यांच्याच पद्धतीने निघू द्यायला सुनेसारखं मन लागतं.

माझी रिम काढून नव्या पाचव्याला दिली. मी हलका झालो. हवाकाका मला उचलायला आला, पण आजोबा म्हणाले, "राहू दे, मी नेतो." त्यांनी मला उभं केलं, डोक्यावर तळहात ठेवला आणि ढकललं. मित्रांनो, मी धावलो. दुकानाच्या दारापासून अंगणाच्या भिंतीपर्यंत, खडीवरून, उन्हातून. आजोबा धापा टाकत माझ्याबरोबर चालत होते. माझ्या आयुष्यातला तेवढाच प्रवास, पण तो झाला.

आता मी या भिंतीशी टेकून उभा आहे. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मागणं एकच आहे. आज घरी गेलात की आपल्या गाडीची डिकी उघडा. तिथल्या माझ्या भावाला बाहेर काढा, त्याचे चार आकडे वाचा, त्याला दाबून पाहा, त्याच्यात हवा भरा. त्याला तेल लावू नका, त्याला काम द्या. आणि वरवर तुकतुकीत दिसतो म्हणून त्याच्या भरवशावर आपली माणसं बसवू नका.

त्या दिवशी गाडी निघाली तेव्हा मी तिला पहिल्यांदाच बाहेरून पाहिलं. इतकी वर्षं तिच्या पोटात राहून ती कशी दिसते हे मला ठाऊकच नव्हतं. छोटी, नीटनेटकी, मागच्या काचेत चिमणीचं डोकं. कोपऱ्यावर कुणीतरी दुकानापुढे बादलीभर पाणी ओतलं होतं. गाडी वळली आणि त्याच वेळी समोरून एक सायकलवाला आडवा आला. सुनेने ब्रेक दाबला. गाडी पाण्यात होती तिथेच, तशीच, सरळ उभी राहिली. सायकलवाला शिव्या न देता निघून गेला, इतकं ते साधं होतं. चिमणी आत काहीतरी बोलत होती, तिचं बोलणंही थांबलं नाही.

मागच्या त्या चाकावर मी असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी एकदाच केला. मग मी देवाचे आभार मानले, की मला निवडलं नाही.