उतारावरचा क्रम

भाताची लावणी डोंगराकडून ओढ्याकडे, वरून खाली उतरते. यात श्रद्धेचा भाग नाही. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्यालगतच्या त्या उतारावर वरच्या खाचरांची माती मुरमाड आणि उथळ आहे; तिच्यात पाणी लवकर भरते आणि तितक्याच लवकर निथळते. खालची माती चिकण, ती ओल धरून ठेवते. म्हणून वरचे खाचर आधी लावायचे, खालचे शेवटी. उतारावरच्या चार घरांनी याच वस्तुस्थितीवर आपली सावड बेतली होती. चारही घरांची माणसे मिळून प्रथम कैलासचे खाचर लावत, मग अनंताचे, मग सुंदराबाईचे आणि सर्वांत शेवटी गोमाचे. मजुरी कोणी कोणाला देत नसे. तू माझ्याकडे राबलास, मी तुझ्याकडे राबेन, एवढाच करार. तोही कधी तोंडाने बोललेला नव्हता.

शहरातली माणसे या पद्धतीला आपुलकी म्हणतात. आपुलकी मोजता येत नाही. मोजता येते ते इतकेच, की या व्यवस्थेतला धोका सर्वांना सारखा नव्हता. कैलास आधी घेई आणि नंतर फेडी. गोमा आधी सगळ्यांना देई आणि शेवटी घेई. साखळी मध्येच तुटली तर नुकसान कोणाचे, हे उतारानेच ठरवून ठेवले होते. साखळी कधी तुटली नव्हती, म्हणून तो प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मग गेल्या काही वर्षांत अनंताच्या खाचरात मुरमाचा भराव पडला आणि त्यावर प्लॉटविक्रीचा फलक उभा राहिला. सुंदराबाईला मुलाने पालेगावच्या नव्या इमारतीत नेले. तिचे खाचर पड राहिले. गेल्या हिवाळ्यात कैलासने आपली जमीन श्यामकांत यांना विकली. श्यामकांत अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यातून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्याकडच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते शेतकरीच होते. त्यांनी बांधाच्या वर टुमदार घर बांधले आणि कैलासला तिथेच पगारी राखणदार ठेवले.

जुलैच्या मध्याला एका संध्याकाळी कैलास गोमाच्या पडवीत आला.

"काका, सोमवारी वरच्या खाचराला लावणी हाय. तुम्ही नि काकी या."

गेली कितीतरी वर्षे हेच वाक्य, याच पडवीत, आधी कैलासचा बाप आणि मग कैलास बोलत असे. गोमाने मान हलवली. जमीन विकली गेल्याचे त्याला ठाऊक होते. खरेदीच्या दिवशी त्याने कैलासच्या घरी पेढाही खाल्ला होता. पण बोलावणे जुने होते, तर बोलावण्यामागचा करारही जुनाच असणार, असे त्याने धरले. ते ताडून पाहायला हवे होते. पण सावडीत विचारणे म्हणजे समोरच्यावर संशय घेणे, आणि उतारावर ते कोणी करत नसे.

सोमवारी गोमा आणि त्याची बायको येसू वर गेली. श्यामकांतांनी दोन बांबूंना नायलॉनची दोरी बांधून घेतली होती. प्रत्येक ओळ दोरीवर, सारख्या अंतराने लावायची होती. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर होते: उजेड आणि हवा खेळती राहते, फुटवे चांगले येतात. फक्त वेळ दुप्पट लागतो.

"या दोरीला धुनी वालत घालाय पायजेत," येसू वाकल्या वाकल्या म्हणाली. "मंग तरी कामाला येल."

"काकी, साहेब ऐकतील," कैलास हळूच म्हणाला.

"ऐकू दे. तुजा साहेब हाय, माजा नाय."

श्यामकांतांच्या पत्नी सुनेत्रा चहा घेऊन बांधावर आल्या. त्यांनी येसूला विचारले, "मावशी, कंबर दुखत नाही का हो?"

"दुखतं ना. पन उभं राहून भात लावाचा कुनी काढला नाय अजून."

सुनेत्रा मनापासून हसल्या. श्यामकांतांनी स्वतः एक ओळ लावली, तिचा फोटो काढून घेतला आणि गुडघे धरत बाहेर आले. काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपले. श्यामकांतांनी गोमाच्या हातात पाकीट दिले. पाकिटावर नाव लिहिलेले होते. ते व्यवस्थित मनुष्य होते.

गोमाने पाकीट परत पुढे केले. "ह्ये नको, साहेब. गुरवारी आमच्याकडं चिखल होतोय. तेवा कैलासला घेऊन या. आनखी दोन मानसं आली तरी पुरं."

"मी येऊ? लावणीला?" श्यामकांतांनी कैलासकडे पाहिले. कैलास पायाचा चिखल दुसऱ्या पायाने काढत होता. "अहो, माझ्या गुडघ्यांचं तुम्ही पाहिलंत. तुमची मेहनत फुकट घेणं मला पटणार नाही. हे पैसे तुमच्या हक्काचे आहेत."

"साहेब, एक दिस मी जाऊन येतो," कैलास म्हणाला.

"गुरुवारी बोअरवाले येणार आहेत, कैलास. शुक्रवारी प्राची मुलांना घेऊन माहेरी येतेय. तू नसशील तर गेट कोण उघडणार? यांनी या पैशांत माणसं लावावीत. ते सोयीचं नाही का?"

तर्क निर्दोष होता. माणसे विकत मिळतात एवढे एकच गृहीतक त्यात चुकले होते. गोमाने पाकीट बंडीत ठेवले. घरी येताना येसू म्हणाली, "पैसं दिलं नि सावडीचं देनं धुऊन टाकलं त्यानं."

गुरुवारी भाड्याच्या पॉवर टिलरने त्याचे खाचर चिखलून झाले. चिखल तयार झाला की तो थांबत नाही. एकदोन दिवसांत गाळ बसतो, घट्ट होतो आणि रोप बोटाने आत जात नाही. इकडे वाफ्यातली रोपे वाढत होती. रोप कोवळे असताना लावले तर एका काडीला बुंध्यापासून अनेक फुटवे येतात. वाफ्यातच ते जून झाले, की पुढे कितीही निगा राखा, फुटवे कमीच राहतात. ठराविक हंगामातच फुलणाऱ्या जुन्या वाणाला उशीर भरून काढायलाही वेळ मिळत नाही.

गोमा बदलापूरच्या नाक्यावर गेला. तिथे उभी असलेली माणसे सेंट्रिंगची आणि रंगाची कामे करणारी. एकाने लावणी म्हणजे काय ते समजून घेतले आणि म्हणाला, "चाचा, दिनभर झुकके? नहीं होगा अपने से." मग गोमाने आपल्या मुलाला, संदीपला फोन लावला. संदीप मोरिवलीच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे होता आणि बायकोसह हेंद्रेपाड्यात भाड्याच्या खोलीत राहत होता.

"बाबा, मधल्या दिवशी सुट्टी मारली तर गेटपास कॅन्सल करतो तो. दुसरा लाइनमध्ये उभाच असतो. रविवारी येतो ना मी, प्रतिभाला पण आणतो."

"रविवारपातूर चिखल ऱ्हात नाय, बाला."

"मग परत फिरवा टिलर."

"टिलर मुरबाडाला गेला."

"मी काय करू, सांगा तुम्ही."

गोमाने फोन बंद केला. तो आणि येसू लावत राहिली. शुक्रवारी दुपारी कैलास पायवाटेने धावतच उतरला, पँट दुमडली आणि न बोलता येसूच्या शेजारी वाकला. त्याचा हात अजून चालत होता. त्याच्या ओळी दोरीवाचून सरळ येत. रोपांची तिसरी मूठ सोडली तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला.

"हा साहेब... हा, गाडी दिसली... आलो." त्याने हातातली रोपे येसूला दिली. "काकी, मी रातचा—"

"जा तू," येसू म्हणाली. "पोरं भायेर उभी असतील."

रविवारी संदीप आणि प्रतिभा आली. तोवर गाळ बसला होता. प्रतिभाच्या अंगठ्याचे नख उलटले, तरी ती लावत राहिली. बांधाकडचा अर्धा तुकडा तसाच राहिला. उरलेली रोपे वाफ्यात पिवळी पडली आणि येसूने ती गाईला टाकली.

ऑक्टोबरच्या अखेरीस वरचे खाचर भरघोस आले. गोमाच्या खाचरात काड्या उंच होत्या आणि लोंब्या विरळ. झोडणी झाल्यावर धान्याचा ढीग लहानच पडला. दरवर्षी त्यातले पहिले चांगले धान्य बियाण्यासाठी कणगीत वेगळे पडे आणि उरलेले वर्षभर खाल्ले जाई. या वर्षी दोन्ही भागतील इतके नव्हते. होळीपर्यंत खायचे धान्य संपले. येसूने कणगीचे झाकण काढले, बियाणे पोत्यात भरले आणि तांदूळ काढायला गिरणीत पाठवले. गोमा ओट्यावर बसून होता. त्याने अडवले नाही. दुकानातून नवे बियाणे आणता आले असते; ते लावायला माणसे कोणत्या दुकानातून आणायची, हा प्रश्न तसाच होता.

चैत्रात उतारावर राब भाजायचे दिवस आले. वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळल्याशिवाय तिथे कोणी बी टाकत नाही. या वर्षी धूर फक्त वरून आला; साहेबांना ती पद्धत पाहायची होती, म्हणून कैलासने भाजून दाखवली.

जुलैत कैलास पुन्हा पडवीत आला. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"काका, सोमवारी वरच्या खाचराला लावणी हाय."

"किती देनार?" गोमाने विचारले.

कैलासने आकडा सांगितला.

"नि येसूला?"

"तेवढंच. साहेब बाईमानूस-बापयमानूस असा फरक करत नाय."

"बरा मानूस हाय," गोमा म्हणाला.

सोमवारी दोघे दोरीवर वाकून ओळी लावत होते. सुनेत्राबाईंनी बांधावर आलेल्या पाहुण्यांना हाताने खालचा उतार दाखवला: भराव, त्याखाली पड जमीन, आणि सगळ्यांत तळाला एक चौकोन, ज्यात पाणी साचून गवत तरारून आले होते.

"ते किती हिरवंगार आहे," पाहुण्यांतले कोणीतरी म्हणाले. "ते कुणाचं?"

येसूने रोपाची दुसरी मूठ सोडली. गोमाने दोरी पुढच्या ओळीवर सरकवली.