बाथरूमच्या दारावरचा गोंद

भाचीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. नवरा मुलगा बिजवर. त्याची पहिली बायको गॅस गिझरच्या धुराने बाथरूममध्ये गुदमरून गेली. थंडी सोसत नाही म्हणून तिनेच झरोक्याला आतून टेप लावली होती, असं त्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. आम्हीही हळहळलो.

त्या बाथरूमचं लोखंडी दार तो बदलणार होता. "जरासा गोंद चिकटलाय म्हणून एवढं छान दार फेकायचं? मावशी, तुझा हात लागला की लख्ख होईल," म्हणत भाचीने तो नसताना मला त्याच्या घरी नेलं. मुलाम्याचे नळ आणि दिवे पुसण्यात माझी हयात गेलेली. मी चढले हरभऱ्याच्या झाडावर.

भाची थिनर घेऊन आली. मी खेकसले, "ठेव ते! गोंदाआधी रंग निघेल. सुरी नको, तारेची घासणीही नको." कोमट साबणपाण्याचं फडकं गोंदावर दाबून धरलं, मग भाचीला तेलाचं बोट फिरवायला लावलं आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने हलकेच खरवडत गेले. काळा गोंद वळ्या होऊन सुटू लागला.

दाराची खालची कड स्वच्छ झाली. मग उभी कड घेतली, तर शेजारी चौकटीवरही तसाच पट्टा. मी बाहेरूनच दार लावून पाहिलं. दोन्ही पट्टे फटीच्या दोन बाजूंना नेमके जुळले. दार बंद असताना कुणीतरी फटीवर टेप मारली होती, आणि तीही बाहेरून. आत असलेल्या बाईला हे कसं जमेल?

मी कार्ड बाजूला ठेवलं. खालच्या कडेचा गोंद तर मी माझ्याच हाताने पुसून बसले होते.

तेवढ्यात तो आला. "मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" बोलत होता माझ्याशी, बघत होता चौकटीकडे. "राहू द्या. उरलेलं मी पुसतो."

"माझे हात बघा, नुसते तेलकट!" भाची हसत आत गेली. तिने गरम पाणी सोडलं, गिझर भपकन पेटला.

त्याने अलगद दार लोटलं. "वारा लागेल तिला."

मी फटीत पाय घातला. दार घोट्यावर आपटलं, कळ मस्तकात गेली. तो दार दाबतच राहिला.

"पाय काढा, मावशी."

"नाही काढत," मी म्हणाले आणि ओरडले, "ए पोरी, तशाच तेलकट हातांनी बाहेर ये. आत्ताच्या आत्ता घरी जायचंय!"