तुरीच्या भावातून वाचलेली हळद

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो. साठ मिनिटांची, अंगावर ओरखडे, लेबलवरची शाई उडालेली. पण मला बिचारी म्हणाल तर खबरदार! परवाच अख्खा मांडव मी डोलायला लावला आहे.

कारखान्यातून मी कोरीच निघाले. माझ्यात जीव आला तो उमरग्यात, गफारभाईंच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात. तीस वर्षं झाली त्याला. मथुराबाई नावाची तरुण बाई पदर सावरत बसली आणि हळद दळतानाचं गाणं गायली. काय आवाज होता, अहाहा! हळद कुणाच्याही घरची असो, जात्यात पहिली मूठ पडायची ती तिच्याच सुरावर. रेकॉर्डिंग झाल्यावर गफारभाईंनी माझ्या पाठीवरचे दोन इवलेसे कान मोडले. म्हणाले, "ताई, आता फिकीर न्हाय. हिच्यावर दुसरं कायबी भरता येत न्हाय."

पण घरात मथुराबाईंचे मालक हिंमतराव होते ना! एकदा रेडिओवर बाजारभाव लागले. स्वारीला ते टिपून ठेवायची घाई. माझ्या मोडक्या कानांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे माझ्यावर पुन्हा भरता येतं, आणि दाबलं बटण! मथुराबाई विहिरीवरून येईपर्यंत ऐन गाण्याच्या मधोमध अर्धं मिनिट तुरीचा भाव शिरला होता. त्या दिवशी हिंमतरावांना कुणी जेवायला वाढलं नाही.

पुढं मोबाइल आले. टेप भंगारात गेला आणि मी ट्रंकेत, साड्यांखाली. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

यंदा मथुराबाईंच्या लेकीचं, हर्षालीचं लग्न ठरलं. आणि घशाच्या ऑपरेशनपासून मथुराबाईंचा आवाज गेलेला, नुसती घरघर उरलेली. गावभरच्या लेकींची हळद गायली आणि पोटच्या पोरीच्या हळदीला गप्प बसायचं! त्या चुलीपुढं बसून रडायच्या.

थोरला कृष्णराज म्हणाला, "रडू नगंस आई, डाउनलोड करतो की. जगातली सगळी गाणी हायती ह्या फोनात." त्यानं लई शोधलं. ढोल मिळाले, डीजे मिळाला, आईचा आवाज मिळेना. मिळणार कुठून? तो माझ्यापाशी होता!

मग मथुराबाईंनी ट्रंक उघडली. कृष्णराज मला घेऊन उमरग्याला गेला. गफारभाई आता मोबाइलची कव्हरं विकतात, पण हात विसरला नव्हता. माझे पाच स्क्रू उघडले, चिकटलेली फीत सोडवली, पेन्सिल घालून गरगर फिरवली. जपून ठेवलेला आपला टेपही त्यांनी दिला. "ने बेटा. फोनमधीबी भरून घे. आवाज दोन ठिकाणी असलेला बरा."

हळदीच्या दिवशी जातं मांडलं. बायका भोवती बसल्या आणि मी सुरू झाले. तरुण मथुराबाईंचा खणखणीत आवाज मांडवभर घुमला. हर्षाली आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होती. पहिली हळद देवीची, दुसरी मामाची, तिसरी आत्याची... आणि चौथी नवरीची येणार, तोच माझ्या पोटातला माणूस गरजला, "लातूर बाजार, तूर, आवक साधारण!"

मांडवात हशा पिकला. हिंमतराव खाली मान घालून म्हणाले, "चुकलंच की वं माझं." मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नवरीची ओवीच मी गमावली होती!

तेवढ्यात मथुराबाईंनी जात्याचा खुंटा धरला. त्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात त्यांनी सूर लावला:

चौथी हळद गं, लेकीच्या गाली
हर्षाली माझी गं, सोन्याची झाली!

हसणं जागच्या जागी थांबलं. जातं फिरलं. तुरीचा भाव संपला आणि पुढची ओवी माझ्यातून निघाली ती थेट मथुराबाईंच्या सुराला येऊन मिळाली. तीस वर्षांपूर्वीची मथुराबाई आणि आजची, दोघी एकत्र गात होत्या. कृष्णराजचा फोन सगळं भरून घेत होता आणि मला त्याचा मुळीच राग आला नाही.

मित्रांनो, फोनात हवी तेवढी गाणी भरा. पण आपल्या माणसाचा आवाज घरातल्या कुठल्या ट्रंकेत पडलाय, तेवढं आजच बघा. आणि माझ्यासारखी कुणी सापडली, तर तिच्या कानांना चिकटपट्टी लावू नका!