कोरी धार

त्यांनी चाकू खिडकीच्या उजेडाकडे वळवला, भिंग डोळ्याला लावलं आणि धारेवरून नजर फिरवली. मग चष्मा पुसला, भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. धार कोरी होती. आठ महिन्यांपूर्वी शेवटचा हात मारताना आणलेली बारीक चकाकी मुठीपासून टोकापर्यंत जशीच्या तशी होती. या पात्याने आजवर साधा कांदासुद्धा चिरला नव्हता.

"झालं का, बाबा?" बाहेरच्या खोलीतून जावयाने विचारलं. "निघायचंय आम्हाला."

"होतंच आलं, जावईबापू. पाच मिनिटं."

सारी नोकरी कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर या सरळमार्गी माणसाला चाकू करायचं वेड लागलं. पोलाद घासायचं, तापवायचं, मूठ बसवायची. बायको होती तोवर म्हणायची, "घरातली सुरी बोथट, आणि हे जगाला धार लावून देतात." पण त्यांचा खरा जीव होता म्यानात. चामडं भिजवून ते पात्यावर दाबून बसवायचं आणि वाळेपर्यंत हलवायचं नाही. चाकू आत जाताना आणि बाहेर येताना 'टक' असा आवाज यायलाच हवा. नाही आला, की ते पुन्हा चामडं भिजवायला घेत. तो आवाज म्हणजे आपली सही, असं ते ज्याला त्याला सांगत.

जावयाचा चाकू त्यांच्या हातचा सगळ्यात देखणा. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला होता आणि म्हणाला होता, "आता हा उशाशीच ठेवणार." तेव्हा सगळे हसले होते. ते स्वतः तर जरा जास्तच हसले होते.

आज दोघं जेवायला आले, तेव्हा त्यांनीच चाकू सोबत आणायला सांगितला होता. वर्षाच्या आत एकदा तरी आपला प्रत्येक चाकू ते परत मागून धार लावून देत.

"रोज वापरतो बाबा," जावई जेवताना म्हणाला होता. "दोऱ्या, खोकी, फळं. याच्याशिवाय माझं पानही हलत नाही."

लेक ताटात बघत होती.

आता त्यांनी म्यान उचललं. त्याचं तोंड काळं, गुळगुळीत झालं होतं. ज्या बाजूला अंगठ्याचा रेटा पडतो, तिथली शिवण झिजून दोरा उसवायला आला होता. इतकी झीज व्हायला चार-पाच वर्षं लागावीत. त्यांनी पातं आडवं धरलं. दोन्ही अंगांवर चामड्याच्या घासण्याच्या लांबच लांब रेघा होत्या, एकीवर एक, शेकड्यांनी. म्हणजे हा चाकू म्यानातून रोज बाहेर निघत होता. दिवसातून कितीतरी वेळा निघत होता. आणि कशालाही न लागता परत आत जात होता.

नाही नाही ते मनात आणू नये, असं त्यांनी स्वतःला बजावलं. एखाद्याला चाळा असतो. पेनाचं टोपण काढघाल करत बसणारी माणसं त्यांनी कचेरीत काय थोडी पाहिली होती? जावई बोलायला गोड, कामाला वाघ, आल्या-गेल्याची विचारपूस करणारा. मन चिंती ते वैरी न चिंती, दुसरं काय!

शेजारच्या मोरीत लेक पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. त्यांनी चाकू म्यानात सारला, अंगठ्याने रेटा दिला आणि बाहेर ओढला.

टक.

कप भांड्यात पडला. लेकीने नळ बंद केला, ओले हात छातीशी घेतले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. खांदे वर गेलेले, नजर जमिनीवर. ती काहीतरी ऐकून घ्यायच्या तयारीत होती. मग तिने हळूच मान वर केली.

"तुम्ही आहात होय," ती म्हणाली.

त्यांना चाकू खाली ठेवायचंही सुचेना.

"कधीपासून?"

"हळू बोला ना."

"लागलंय कुठे?"

"लावत नाहीत. नुसता काढतात, समोर ठेवतात आणि मग बोलत बसतात." तिने हात पदराला पुसले. "कधी शेजारच्या खोलीत असले, की नुसता आवाज करतात. मला ऐकू यावा म्हणून."

मांजराच्या शेपटीवर पाय पडला तरी 'माफ करा' म्हणणारे ते गृहस्थ. जावयाला जाब विचारणं त्यांच्याच्याने होणारं नव्हतं. चाकू परत द्यावा, तर तो आज घरी जाऊन पुन्हा वाजणार. ठेवून घ्यावा, तर जाब तिलाच द्यावा लागणार. आणि ठेवून घेऊन तरी काय, लेकीच्या स्वयंपाकघरात सुऱ्या होत्याच. त्यांना भयंकर भीती वाटत होती, आणि त्या भीतीतच त्यांनी पातं टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात अर्ध्यावर घालून आवळलं, मुठीला फडकं गुंडाळलं आणि सगळा भार टाकला.

गोळी सुटावी तसा आवाज झाला. तुकडा फरशीवर पडला. आपण आगीत तेल ओतलं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

जावई दारात आला होता.

"काय मोडलं?"

"चाकू." त्यांचा आवाज चिरका निघाला. "पोलादात दोष होता. माझीच चूक."

जावयाने फरशीवरचा तुकडा पाहिला, व्हाइसकडे पाहिलं, मग फडकं गुंडाळलेल्या मुठीकडे. हसू त्याच्या तोंडावर तसंच होतं.

"धार लावताना मधोमध मोडला?"

"म्हातारा झालो, जावईबापू."

"असू दे, असू दे." तो लेकीकडे वळला. "चल. घरी जाऊन बोलू."

ती जागची हलली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, नवा करायला किती दिवस लागतील?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"म्यानासकट? महिना तरी."

"मग मी महिनाभर इथेच थांबते. झाला की घेऊन येईन."

जावई मोठ्याने हसला. "चाकू होईपर्यंत तू काय करणार इथे?"

त्याचं हसू हळूहळू उतरलं आणि त्याने एक पाऊल आत टाकलं. तेही टेबल सोडून पुढे झाले आणि दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले. काहीतरी धरावंसं वाटत होतं, पण टेबल आता मागे राहिलं होतं.

"महिन्यात होईल असं वाटत नाही," ते म्हणाले. "माझा हात आता पूर्वीसारखा चालत नाही."