अंगठ्याचं बटण

आजार कळल्यावर दोन महिन्यांत धाकटा भाऊ गेला. त्याचा गेमिंग माऊस मी ऑफिसच्या कामाला घेतला, तर डावं बटण दाबून क्लिकच होईना. जाता जाता हाही मोडून ठेवला लेकाने!

चडफडत लॅपटॉपवर टर्मिनल उघडलं, माऊस तपासायची कमांड दिली. माऊसमध्ये साठवलेली सेटिंग्ज समोर आली. बटणं धडधाकट होती. त्यानेच दोन्ही क्लिक बोटांखालून काढून अंगठ्याजवळच्या बटणांवर नेले होते. खेळणं तर त्याने वर्षापूर्वीच सोडलं होतं. म्हणजे बोटांतला जीव तेव्हाच गेला होता.

त्याच सुमारास त्याच्या हातून तिसरा कप फुटला, तेव्हा मी सगळ्यांदेखत ओरडलो होतो, "हात मोडलेत का तुझे?"

तो हसला होता, आणि खाली बसून एकेक तुकडा अंगठ्याने ओढत गोळा करत राहिला होता.