रिकामी खाच

दादाच्या पत्राला अण्णांनी उत्तर दिलंच नव्हतं. चार ओळींचं पत्र, अक्षरं रेघ सोडून खाली घसरलेली. ‘वाळवी, उजवा डोळा गेला. डावा थंडीपर्यंत पुरला तर पुरला, असं डॉक्टर म्हणतात. तो आहे तोवर तुझं थोबाड एकदा बघू दे. इथे मुलीने कॉम्प्युटरवर सगळी सोय करून ठेवली आहे. तुझ्याकडचं तेवढं तू जमव. जमेल ना?’

‘वाळवी’ हे नाव दादानेच लहानपणी ठेवलं होतं, अण्णा पुस्तकं खातात म्हणून. पुढे दादाने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं आणि अण्णा एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. तिथेच त्यांचा जन्म गेला. “तुला हात दिलेत ते नुसते पानं उलटायला,” दादा म्हणायचा. त्यामुळे ‘जमेल ना?’च्या मागचं हसूही अण्णांना ऐकू आलं. आता दोघांच्या मध्ये दोन दिवसांचा प्रवास होता, आणि खुबा मोडल्यापासून अण्णांना घराचा जिना उतरायचीही धास्ती वाटे.

उत्तर लिहीत बसायचं नाही, एकदम पडद्यावरच उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं. तेही स्वतः जमवून. मुलाच्या फोनवरून बोलता आलं असतं; पण मग मुलगा फोन धरून उभा राहणार आणि सून मागून ‘काका, ओळखलंत का?’ म्हणणार. दादाशी जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. नेमकं काय बोलायचं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. बोलताना दार लावलेलं असावं, एवढं मात्र ठाऊक होतं.

मुलाचा जुना लॅपटॉप त्यांच्या टेबलावर होता. मुलाने त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं. “फुकट आहे, आणि म्हातारं मशीनसुद्धा पळतं ह्याच्यावर,” तो म्हणाला होता. अण्णा आजवर त्यावर फक्त लिहीत आले होते. आता त्यांनी वायफायची खूण शोधली. खूण नव्हतीच. सेटिंगमध्ये गेले, तर तिथे एकच वाक्य: वायफाय ॲडाप्टर सापडला नाही.

का सापडत नाही ते शोधायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट नाही म्हणून तर शोधायचं होतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं झालं असतं तर अण्णांना हसू आलं असतं.

मग त्यांना कपाटातलं एक जाडजूड पुस्तक आठवलं. लिनक्सवरचं. त्याची मुद्रितं त्यांनीच तपासली होती, अर्थ फारसा न कळता, पण काना-मात्रेसकट. त्यात एकही चूक राहिलेली नाही, याची त्यांना खात्री होती. अशी खात्री त्यांना दुसऱ्या कशाचीच नव्हती.

नात छकुली शिकायला बाहेरगावी होती; दुपारी घर रिकामं झालं की ते पुस्तक उघडून बसत. काळ्या चौकटीत ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा टंकत. यंत्राच्या पोटात काय काय बसवलं आहे त्याची यादी सरसर उमटे. पडद्याचं काही, आवाजाचं काही, केबलचं काही. वायफाय पकडणाऱ्या कार्डाचं नाव कुठेच नाही. पुस्तक सांगे: ‘कार्ड यादीत नसल्यास आज्ञा अचूक टंकल्याची खात्री करावी.’ अण्णा खात्री करत. एकेका अक्षरावर बोट ठेवून, पुस्तकाशी ताडून. अक्षरं बरोबर असत. मग आपलीच नजर चुकली असेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण प्रत्येक वेळी आधी संशय घेतला तो स्वतःवर. यादी खरंच सांगत असेल, हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही.

पुस्तकातले पुढचे उपायही करून झाले: ड्रायव्हर झाले, फर्मवेअर झालं, कडेचं बटण झालं. ‘आरएफकिल’ नावाची एक आज्ञा होती, वायफाय कुणी अडवून ठेवलंय का ते सांगणारी. ती रिकामी ओळ देऊन गप्प बसली. अण्णांना वाटलं, आपण विचारलेलं हिला कळलं नसणार. केबल लावायची तर वायफायचा डबा मुलाच्या खोलीत, पलंगामागे. तिथे सासऱ्याने वाकून काय शोधायचं?

“अण्णा, दुपारी काय चालतं हो तुमचं? कादंबरीबिदंबरी?” एकदा जेवताना सुनेने विचारलं.

“छे, छे. जरा वाचतो.”

“लॅपटॉप बरा चालतोय ना?” मुलगा म्हणाला.

“छान चालतोय.”

“बघ. आणि तू भंगारात काढायला निघाली होतीस.”

“मी लॅपटॉपबद्दलच म्हणत होते हं, अण्णा!” सून हसत म्हणाली.

अण्णाही हसले. विचारायची तीच वेळ होती. त्यांनी तोंड उघडलंही, पण त्यात घास गेला.

बाहेर कानटोप्या दिसायला लागल्या. पुस्तकातली पानं संपली. एका दुपारी अण्णांच्या मनात आलं, दादाने काय केलं असतं? दादाने काहीच वाचलं नसतं. रेडिओ आला की तो आधी पालथा करायचा. अण्णांनी बायकोच्या शिवणयंत्राचा खण उघडला. ती गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यातला लहान स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांनी लॅपटॉपचं पाठीमागचं झाकण काढलं.

आत धूळ होती, पंखा होता, आणि कडेला एक अरुंद खाच होती. रिकामी. तिच्याशी दोन बारीक तारा येऊन थांबल्या होत्या, एक काळी, एक पांढरी. दोन्हींच्या टोकांना हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली. पुढे सोडवताना त्रास नको म्हणून पट्टीचं टोक जरासं दुमडलेलं. असं टोक दुमडायची सवय या घरात एकालाच होती.

आणि मग अण्णांना तो समास आठवला. त्याच पुस्तकाच्या मुद्रितात एक वाक्य होतं: ‘सर्वप्रथम झाकण काढून कार्ड जागेवर आहे ना ते पाहावे.’ अण्णांनी पेन्सिलीने बाजूला लिहिलं होतं, ‘हे सांगायलाच हवे का?’ लेखकाला पटलं असावं. पुढच्या मुद्रितात ते वाक्य नव्हतं.

संध्याकाळी मुलगा दारातून आत येतो तोच ते झाकण हातात घेऊन समोर उभे राहिले.

“अहो, ते होय!” मुलगा म्हणाला. “छकुलीच्या लॅपटॉपचं कार्ड गेलं होतं. तिची हॉस्टेलला जायची घाई, म्हणून ह्यातलं काढून तिला बसवून दिलं. म्हटलं, तुम्हाला कुठे नेट लागतंय?”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुम्ही तरी विचारलंत का? एक शब्द टाकला असता तर दुसऱ्या दिवशी नवीन आणलं असतं!”

“मी ह्याला म्हणत होते, अण्णांना सांग म्हणून,” सून म्हणाली.

“तू? कधी म्हणालीस?”

“म्हणाले होते. तुझं लक्ष असतं कुठे?”

“दादाला मला बघायचंय,” अण्णा म्हणाले.

मग मुलाने खिशातून फोन काढला. “एवढंच ना? आत्ता लावू.”

पडद्यावर आधी वहिनी आल्या. “अगंबाई, भाऊजी! किती वाळलात!” मग चित्र हललं, छत दिसलं, आणि खुर्चीत दादा दिसला. दाढी दुसऱ्या कुणीतरी केलेली, हनुवटीवर खुंट राहिलेले. तो फोनच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसला होता.

“कोण, वाळवी?”

“हो.”

“उशीर केलास रे. मागच्या आठवड्यापर्यंत निदान सावल्या तरी होत्या.”

मुलगा फोन धरून उभा होता. “काका, ओळखलंत का?” सून मागून म्हणाली, आणि म्हटल्यावर तिने जीभ चावली.

“आवाजावरून, आवाजावरून,” दादा म्हणाला. “काय अडलं होतं रे?”

“कार्ड सापडत नव्हतं.”

“उघडून बघितलंस?”

“शेवटी बघितलं.”

“शेवटी!” दादा हसला. तेच हसू. अण्णांना बोलायचं होतं. खोलीत माणसं होती. “तुझं पत्राचं उत्तर राहिलंय,” दादाच म्हणाला. “तेवढं पाठव. ही वाचून दाखवील.”

दुसऱ्या दिवशी मुलाने नवं कार्ड आणून बसवलं. यादीत नाव आलं, खूणही उमटली. अण्णांनी लॅपटॉप मिटला आणि दार लावून कागद घेतला. पहिल्या कागदावर कार्डाची सगळी हकीगत झाली. वाचून बघितली, तर सबबीसारखी वाटली. फाडली. मग लिहिलं:

‘दादा, थोबाड असं आहे. केस गेले, राहिलेत ते कानांवर. नाक अजून तुझंच आहे. गालावर तुझ्या सोल्डरिंगचा चटका होता, तो आता सुरकुत्यांत शोधावा लागतो. बोलायच्या वेळी मी तोंड मिटून बसतो, तेही तसंच आहे. वाळवी म्हणणारं इथे कुणी नाही.’

शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं. हे सगळं वहिनींच्या आवाजात जाणार, दादाची मुलगी शेजारी बसलेली असणार. दार लावून उपयोग काय? जरा वेळाने त्यांनी खोडलेल्या शब्दांखाली सवयीने टिंबं दिली. छापखान्यात त्याचा अर्थ ‘राहू द्यावे’ असा होतो. वहिनींना तो कळणार नव्हता, त्या ते वाक्य गाळून पुढे गेल्या असत्या. म्हणून अण्णांनी तळाशी तेच वाक्य पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरांत.

“मी टाकते ना, अण्णा, जाताजाता,” सून म्हणाली.

“नको,” अण्णा म्हणाले.

कठड्याला धरून एकेक पायरी करत ते खाली उतरले. कोपऱ्यावरच्या पेटीशी थांबून त्यांनी पाकिटावरचा पत्ता सवयीने पुन्हा तपासला. मग पाकीट आत सरकवलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला. आता सगळा जिना चढायचा होता.